वर्गणीच्या वहीतून उगवलेली कादंबरी

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वताच्या कुशीत वसलेल्या कॅनमोर गावात एक लहानसे लाकडी चर्च आहे. त्याचे नाव राल्फ कॉनर मेमोरियल युनायटेड चर्च. चर्चला संताचे नाव देतात, कधी देणगीदाराचे. इथे एका टोपणनावाचे स्मारक झाले आहे. राल्फ कॉनर नावाचा माणूस कधी जन्मलाच नाही. हे चर्च १८९०-९१च्या सुमारास उभे करणारा तरुण पाळक होता चार्ल्स विल्यम गॉर्डन (१८६०–१९३७). खाणकामगार, लाकूडतोडे आणि रेल्वेचे मजूर यांच्यात तीन वर्षे काढल्यावर त्याने या टोपणनावाने जे लिहिले, त्यातून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इंग्रजी कॅनडातला सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार तयार झाला. त्याच्या पहिल्या तीन कादंबऱ्यांच्या मिळून पन्नास लाख प्रती खपल्या, असा आकडा वारंवार दिला जातो. आकडा थोडा फुगलेला मानला, तरी त्या काळी कॅनडाची सगळी लोकसंख्या पन्नास-पंचावन्न लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या लोकप्रियतेचा आवाका कळतो.

आज ही पुस्तके फारशी कुणी वाचत नाही. साहित्याच्या इतिहासात त्यांना दोन-चार ओळी मिळतात आणि त्यांतही ‘भाबडी’, ‘उपदेशपर’ ही विशेषणे ठरलेली. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. ही पुस्तके मुळात कशासाठी लिहिली गेली, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचा भाबडेपणाही नीट समजत नाही आणि त्यांची ताकदही.

त्याचे उत्तर आहे वर्गणी. १८९४पासून गॉर्डन विनिपेगच्या सेंट स्टीफन्स चर्चचा पाळक होता, आणि पश्चिमेकडच्या मिशनसाठी पैसा उभा करणे हेही त्याचेच काम झाले होते. त्यासाठी तो ब्रिटनमधल्या मंडळ्यांपुढे बोलून आला होता. टोरांटोतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाऱ्यांना पश्चिमेची गरज पटवायची, तर अहवाल आणि आकडे पुरत नव्हते. तिथे ‘द वेस्टमिन्स्टर’ हे धार्मिक मासिक चालवणारा त्याचा मित्र जेम्स मॅकडोनल्ड याने त्याला सुचवले की अहवाल कुणी वाचत नाही, त्यापेक्षा माणसे दिसतील अशी गोष्ट लिहून पाठव. गॉर्डनने लाकूडतोड्यांच्या तळावरच्या नाताळच्या रात्रीचे एक चित्र लिहून धाडले. लेखकाचे नाव काय छापायचे, असे विचारल्यावर त्याने मिशनच्या पत्रावरच्या ‘कॅनेडियन नॉर्थ-वेस्ट’ या शब्दांच्या संक्षेपातून ‘कॅनॉर’ हे नाव काढले. ते छापले जाईपर्यंत त्याचे ‘कॉनर’ झाले आणि मॅकडोनल्डने पुढे ‘राल्फ’ जोडले. म्हणजे लेखकाचे नावसुद्धा मिशनच्या पत्रव्यवहारातूनच आले. त्या एका चित्राला पुढची प्रकरणे जोडली गेली आणि १८९८ साली ‘ब्लॅक रॉक’ पुस्तकरूपाने निघाले. अमेरिकेत त्याचा स्वामित्वहक्क सुरक्षित नव्हता, त्यामुळे तिथल्या प्रकाशकांनी स्वस्त आवृत्त्या धडाधड काढल्या. लेखकाचे पैसे बुडाले, नाव मात्र घराघरांत पोचले.

माझे म्हणणे एवढेच आहे की या कादंबऱ्या पश्चिमेतून पूर्वेला पाठवलेली पत्रे आहेत. लिहिणारा तळावर आहे. वाचणारा ऑन्टॅरिओतल्या, स्कॉटलंडमधल्या किंवा न्यू इंग्लंडमधल्या घरात शेकोटीपाशी बसला आहे, आणि पत्राच्या शेवटी त्याचा हात खिशाकडे जावा, अशी अपेक्षा आहे. काय तपशिलाने सांगायचे, कुठे डोळ्यांत पाणी आणायचे आणि कशाचा उच्चारही करायचा नाही, हे सगळे या नात्यातून ठरते.

पश्चिमेत त्या वेळी काय चालले होते, ते थोडक्यात सांगायला हवे. १८७२च्या कायद्याने प्रेअरीवर, म्हणजे पश्चिमेच्या गवताळ मैदानांवर, १६० एकर जमीन दहा डॉलर शुल्कात मिळू लागली. अट इतकीच, की तीन वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे आणि जमीन लागवडीखाली आणायची. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी क्रेगेलाची इथे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला आणि दोन महासागर रुळांनी जोडले गेले. सुरुवातीला स्थलांतरितांचा लोंढा मंद होता. १८९६नंतर तो वाढला आणि एकट्या १९१३ सालात चार लाखांहून अधिक माणसे कॅनडात उतरली. विनिपेगची वस्ती १९०१ साली ४२ हजार होती, ती दहा वर्षांत १ लाख ३६ हजार झाली. डोंगरातल्या खाणींवर आणि जंगलातल्या तळांवर मात्र बहुतेक पुरुषच होते, तेही तरुण आणि एकटे. पगार महिन्याला हातात पडे आणि तो खर्च करायला जवळ एकच जागा असे, ती म्हणजे दारूचा गुत्ता.

म्हणून ‘ब्लॅक रॉक’मधला संघर्ष श्रद्धा आणि अश्रद्धा यांच्यातला नाही. क्रेग नावाचा पाळक तळावर येतो, तेव्हा त्याला नास्तिकांशी वाद घालावा लागत नाही. तळावरचे जवळजवळ सगळे कुठल्या ना कुठल्या भाविक घरातून आलेले आहेत. आईने शिकवलेली स्तोत्रे त्यांना अजून पाठ आहेत. हरवले आहे ते घर आणि ज्यांच्यापुढे वागण्याची लाज वाटावी अशी माणसे. क्रेग त्यांची दारूबंदीची एक संघटना उभी करतो. तिच्यात शपथ आहे, सभासद आहेत, एकमेकांवर लक्ष ठेवणे आहे. खाणीत नवरा गमावलेली मिसेस मेव्हर तिथे गाते आणि तिच्या गाण्याने जे घडते, ते कुठल्याही प्रवचनाने घडत नाही. बिली ब्रीन शपथ घेतो, गुत्तेवाल्याच्या डावाला बळी पडून पुन्हा पितो आणि मरतो. या मृत्यूवर कॉनरने अश्रूंचा पूर लोटला आहे, आणि आजचा वाचक तिथे अवघडतो. पण त्या पानांत व्यसनाचे जे ज्ञान आहे, ते ऐकीव नाही. शपथ एकट्याने पाळता येत नाही. भोवती माणसे लागतात, संध्याकाळी जायला दुसरी जागा लागते, हे गॉर्डनने प्रत्यक्ष पाहिले होते. या लेखनातले धर्मशास्त्र पातळ आहे आणि समाजशास्त्र दाट, ते यामुळेच.

१८९९ साली आलेल्या ‘द स्काय पायलट’मध्ये हाच साचा आल्बर्टाच्या पायथ्याच्या टेकड्यांवर जातो. तिथल्या गुराख्यांच्या आणि रँचवाल्यांच्या मंडळीत आर्थर मूर नावाचा कोवळा, नाजूक प्रकृतीचा पाळक येतो. त्याची पहिली छाप उपदेशाने पडत नाही, बेसबॉलच्या सामन्यात चेंडू टाकताना पडते. पुढे घोड्यावर वाढलेली, कुणालाही न जुमानणारी ग्वेन नावाची मुलगी अपघातात कायमची अंथरुणाला खिळते, आणि ‘देवाने हे का होऊ दिले’ असा सरळ सवाल टाकते. मूर तिला तत्त्वज्ञान सांगत नाही. दरीतच फुले का उगवतात, याची एक गोष्ट सांगतो. हे प्रकरण पुढे स्वतंत्र पुस्तिका म्हणूनही छापले गेले, यावरून त्या काळच्या वाचकाला काय हवे होते ते दिसते. मला मात्र या कादंबरीत जास्त रस वाटतो तो चर्चच्या बांधकामाच्या भागात. वर्गणी गोळा करण्याचे काम बिल नावाचा काउबॉय अंगावर घेतो, आणि खिसे घट्ट धरून बसलेल्या भाविक स्कॉट मंडळींना देवाधर्माशी फारसे देणेघेणे नसलेला हा माणूस आव्हान देतो. ऑन्टॅरिओत बसलेल्या वाचकाला यातला चिमटा नेमका कळत असणार.

कॉनरचे सर्वांत चांगले पुस्तक मात्र पश्चिमेचे नाही. ‘द मॅन फ्रॉम ग्लेनगॅरी’ (१९०१) आणि पुढल्या वर्षीचे ‘ग्लेनगॅरी स्कूल डेज’ ही दोन पुस्तके पूर्व ऑन्टॅरिओतल्या ग्लेनगॅरी परगण्यावर, म्हणजे लेखकाच्या जन्मभूमीवर आहेत. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून आलेली गेलिक बोलणारी ही वस्ती. गॉर्डनचे वडील तिथे पाळक होते आणि उपदेश गेलिक व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत करीत. आई मेरी रॉबर्टसन शिकलेली, सुसंस्कृत घरातली. तिची बहीण मार्गारेट मरे रॉबर्टसन स्वतः कादंबरीकार होती. कादंबरीतली मिसेस मरे ही या आईचीच प्रतिमा आहे.

‘द मॅन फ्रॉम ग्लेनगॅरी’ सुरू होते ती नदीवर, ओंडके वाहून नेणाऱ्या टोळ्यांच्या हाणामारीने. त्या मारामारीत लुई लन्वार नावाचा फ्रेंच-कॅनेडियन लाकूडतोड्या ब्लॅक ह्यू मॅकडोनल्डला जायबंदी करतो. ह्यू खंगत जातो आणि त्याचा मुलगा रॅनल्ड सूड घ्यायची वाट पाहत मोठा होतो. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्हीही क्षमा केली आहे’ या अर्थाचे जे शब्द येतात, ते या बापलेकांच्या घशात अडकतात. कॉनरची सगळी कारागिरी इथे दिसते. प्रार्थना रोज म्हणणारी माणसे त्या शब्दांपाशी अडखळतात आणि क्षमा ही कडक, शरीराला झोंबणारी गोष्ट होते. धार्मिक संजीवनाच्या लाटेचे वर्णनही याच कादंबरीत आहे. महिनोन्महिने चालणाऱ्या सभा, शब्बाथाची शिस्त, प्रभुभोजनाला बसण्याआधीचे कठोर आत्मपरीक्षण हे सगळे आतल्या माणसाने सांगितलेले आहे, म्हणून ते विश्वसनीय वाटते. शेवटी रॅनल्ड ब्रिटिश कोलंबियात जातो आणि ग्लेनगॅरीची शिस्त पश्चिमेच्या उभारणीला लागते. देणगीदाराला इथे आश्वासन मिळते की तुमच्या गावात जे घडले, तेच तिकडेही घडेल.

पाळकाच्या खांद्यावरून दिसणारी ही दुनिया नेली मॅक्लंग या लेखिकेने स्वयंपाकघरातून पाहिली. तिची ‘सोइंग सीड्स इन डॅनी’ (१९०८) मॅनिटोबातल्या मिलफर्ड या लहान गावात घडते. रेल्वेच्या जुन्या डब्यात राहणाऱ्या गरीब, लेकुरवाळ्या वॉटसन कुटुंबातली पर्ल ही बारा वर्षांची मुलगी घरचे देणे फेडण्यासाठी मदरवेल यांच्या शेतावर कामाला जाते. तिथे श्रीमंती आहे, बायबल आहे, आणि खिडकी उघडायला परवानगी नाही. मॅक्लंग मेथडिस्ट होती, दारूबंदीच्या चळवळीत मुरलेली होती. पण तिच्याकडे विनोद होता, जो कॉनरकडे क्वचितच आढळतो. मातृत्वावर पुस्तके वाचून व्याख्याने देणारी मिसेस फ्रान्सिस आणि तिच्या घरी धुणे-भांडी करणारी, नऊ मुलांची आई मिसेस वॉटसन यांची गाठ घालून दिली, की तिला पुढे टीका करावी लागत नाही. तिच्या श्रद्धेची वाट थेट मतपेटीकडे गेली. २८ जानेवारी १९१६ रोजी मॅनिटोबात स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, त्या लढ्यात ती आघाडीवर होती.

इंग्रजी कॅनडातली ही श्रद्धा फ्रेंच कॅनडाशेजारी ठेवली की तिचे वेगळेपण उठून दिसते. फ्रान्समधून आलेल्या लुई एमोंने क्वेबेकच्या लेक सेंट जॉन भागात मजुरी केली आणि ‘मारिया शाप्देलेन’ लिहिली. १९१३ साली ऑन्टॅरिओत रेल्वेच्या धडकेने तो गेला. कादंबरी पुढल्या वर्षी पॅरिसच्या ‘ल ताँ’ या दैनिकातून प्रसिद्ध झाली. मारियाचा बाप जंगल तोडून जमीन मोकळी करतो, आणि शेजार वाढला की पुन्हा पुढे सरकतो. आई मात्र जुन्या परगण्याच्या, चर्चच्या घंटेच्या आठवणीत झुरते. नाताळच्या आदल्या दिवशी मारिया प्रियकर सुखरूप यावा म्हणून एक हजार वेळा ‘नमो मारिया’ म्हणते. तो हिमवादळात मरतो. पाळक तिला शोक आवरायला सांगतो, आणि ती आवरते. इथे कुणी शपथा घेत नाही, कुणाचे परिवर्तन होत नाही, वर्गणी कुणाकडे मागितली जात नाही. श्रद्धा हवेसारखी सर्वत्र आहे, आणि तिने काही बदलावे अशी कुणाची अपेक्षाही नाही. कॉनरचा प्रोटेस्टंट पाळक उलट बदल घडवायलाच आलेला असतो.

आता या पत्रांत काय लिहिलेले नाही, ते पाहू. ‘द स्काय पायलट’च्या टेकड्या ज्या मुलखात आहेत, तो ब्लॅकफूट आणि त्यांच्या शेजारच्या राष्ट्रांचा. १८७७ साली सरकारने जमिनीसाठी केलेल्या करार क्रमांक ७वर त्यांच्या सह्या घेतल्या गेल्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच तिथले रानगव्यांचे कळप संपले आणि त्यांच्यावर जगणारी माणसे उपासमारीला लागली. कादंबरी यानंतर काही वर्षांनी घडते, पण हा इतिहास तिच्यात नाही. मोकळा मुलूख दाखवला, तरच ‘तिथे चर्च बांधायचे आहे’ हे वाक्य सरळ उभे राहते. पुढे ‘द पॅट्रोल ऑफ द सन डान्स ट्रेल’ (१९१४) मध्ये सरकारविरुद्धचा १८८५चा उठाव येतो, तेव्हा मूळ रहिवासी येतात ते घोडदळाच्या पोलिसांनी आवरायचा धोका म्हणून. दरम्यान गॉर्डनचेच प्रेस्बिटेरियन चर्च १८९१ ते १९१० या काळात रेजायनात आदिवासी मुलांची निवासी शाळा चालवीत होते. मुलांना घरापासून, भाषेपासून तोडणाऱ्या अशा शाळांबद्दल प्रेस्बिटेरियन चर्चने १९९४ साली आणि त्याचा मोठा भाग ज्यात विलीन झाला त्या युनायटेड चर्चने १९९८ साली जाहीर माफी मागितली.

‘द फॉरिनर’ (१९०९) मध्ये हीच दृष्टी पूर्व युरोपातून आलेल्या लोकांवर वळते. विनिपेगच्या नॉर्थ एन्डमधली गॅलिशियन वस्ती, तिची गर्दी, लग्नातली दारू आणि चाकू हे सारे कॉनर भेदरलेल्या नजरेने दाखवतो. तोडगा ठरलेला: प्रेस्बिटेरियन शाळा, प्रेस्बिटेरियन दवाखाना, आणि नायक काल्मनचे ‘कॅनेडियन’ होणे. त्याच वर्षी त्याच शहरातला मेथडिस्ट पाळक जे. एस. वुड्सवर्थ याने स्थलांतरितांवर ‘स्ट्रेंजर्स विदिन अवर गेट्स’ हे पुस्तक काढले. त्यातही हेच पूर्वग्रह आहेत. पण वुड्सवर्थ नॉर्थ एन्डमध्येच काम करत राहिला, मग राजकारणात गेला आणि पुढे कॅनडातल्या समाजवादी पक्षाचा नेता झाला. गॉर्डनचा मुलगा किंग गॉर्डन पुढे याच वर्तुळात वावरला. म्हणजे ज्या मिशनवृत्तीतून ‘परक्याला’ सुधारण्याची घाई आली, तिच्यातूनच मजुरांच्या हक्कांची भाषाही निघाली. या कादंबऱ्यांना एकाच शेऱ्यात निकालात काढता येत नाही, ते यासाठी.

मराठी वाचकाला कॅनडाचे हे प्रेस्बिटेरियन चर्च तसे अगदीच अनोळखी नाही. १८७७ साली, म्हणजे करार क्रमांक ७ झाला त्याच वर्षी, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियनांनी होळकरांच्या इंदुरात आपले मिशन सुरू केले. आजचे इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्यातूनच वाढले. ऑन्टॅरिओतल्या मंडळ्या रविवारी जी वर्गणी टाकत, तिच्या एका वाट्यातून माळव्यात शाळा-दवाखाने चालत आणि दुसऱ्या वाट्यातून डोंगरातले पाळक जगत. इंदूरहूनही पत्रे जात, अहवाल जात. मात्र माळवा ‘परदेशी मिशन’ होते आणि रॉकी पर्वत ‘घरचे’. ब्लॅकफूट लोकांचा मुलूख ‘घर’ कसा झाला, हा प्रश्न वर्गणीच्या वहीत कुणी विचारला नाही.

पहिल्या महायुद्धाने कॉनरची दुनिया मोडली. पन्नाशी ओलांडलेला गॉर्डन विनिपेगच्या ४३व्या कॅमेरॉन हायलँडर्स पलटणीचा धर्मगुरू म्हणून फ्रान्सला गेला. १९१६ साली सोमच्या लढाईत त्याचा मित्र आणि पलटणीचा प्रमुख कर्नल थॉमसन मारला गेला. गॉर्डनची आर्थिक गुंतवणूक तोच सांभाळत होता, त्यामुळे घरी परतल्यावर आपले बहुतेक पैसे बुडाल्याचे त्याला कळले. १९१७ साली त्याने अमेरिकेत फिरून दोस्तांच्या बाजूने भाषणे केली. म्हणजे आवाहन करण्याचे जुने कसब आता युद्धासाठी राबले. १९१९च्या विनिपेग संपानंतर तो मालक-मजुरांत समेट घडवणाऱ्या मॅनिटोबाच्या मंडळाचा अध्यक्ष झाला आणि औद्योगिक तंट्यावर ‘टू हिम दॅट हॅथ’ (१९२१) ही कादंबरी लिहिली. पण वाचक सरकला होता. १९२५ साली मार्था ऑस्टेन्सोची ‘वाइल्ड गीज’ आणि फ्रेडरिक फिलिप ग्रोव्हची ‘सेटलर्स ऑफ द मार्श’ आली. त्यांतली प्रेअरी माणसे घडवत नाही, मोडते. १९४१ साली सिंक्लेअर रॉसच्या ‘अ‍ॅज फॉर मी अँड माय हाउस’ मध्ये पाळक स्वतःच श्रद्धा गमावून बसलेला दिसतो. तो दर रविवारी उपदेश करतो आणि बायकोला ते माहीत असते.

या पार्श्वभूमीवर वाचायला निघालेल्याने ‘द मॅन फ्रॉम ग्लेनगॅरी’पासून सुरुवात करावी, तिथे लेखक आपल्याच माणसांबद्दल बोलतो आहे, म्हणून आवाज सर्वांत खरा आहे. मग ‘ब्लॅक रॉक’ घ्यावे आणि प्रत्येक हृदयद्रावक प्रसंगापाशी थांबून विचारावे की हे कुणासाठी लिहिले आहे. त्यानंतर मॅक्लंगची पर्ल वाचावी, म्हणजे पाळकाच्या नजरेतून निसटलेले स्वयंपाकघर दिसेल. ‘द फॉरिनर’ चिडत वाचावे, पण वाचावे. आणि शेवटी रॉस. तोवर ज्या श्रद्धेवर ही वस्ती उभी राहिली, तिची किंमत कुणी मोजली हे कळलेले असेल. आणि त्या हिशेबात वर्गणी देणाऱ्याचा वाटा सर्वांत कमी होता, हेही.